जहाज बुडवणं सोपं, धुणं अवघड : सिंधुदुर्गच्या समुद्रातलं ‘गुलदार’ समजून घेऊ या

सांगोला : पावसाची वाट पाहणाऱ्या, डाळिंबावर जगणाऱ्या आपल्या तालुक्यात समुद्राची बातमी कोण वाचणार, असं कुणालाही वाटेल. पण ईदनंतरच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत गाडी भरून मालवण-तारकर्लीला जाणारी घरं आपल्याकडं आता पुष्कळ आहेत. तिथं पाण्याखाली उतरून मासे बघितल्याचे फोटो मोबाईलवर येतात. त्याच किनाऱ्यावर, वेंगुर्ला तालुक्यातल्या निवतीजवळच्या समुद्रात, नौदलातून निवृत्त झालेलं एक जहाज मुद्दाम बुडवायची योजना सरकारनं आखली आहे. जहाजाचं नाव ‘आयएनएस गुलदार’.

चांगलं जहाज पाण्यात का बुडवायचं? भंगारात विकलं असतं तर चार पैसे आले नसते का? बुडवल्यानं मासे खरंच वाढतात का? आणि समुद्रात कचरा टाकण्यात आणि जहाज बुडवण्यात फरक काय? हे प्रश्न साधे आहेत, पण बातम्यांमध्ये त्यांची उत्तरं क्वचितच मिळतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

‘गुलदार’ आहे तरी कोण?

उर्दू जाणणाऱ्यांना हे नाव लगेच उलगडेल. गुल म्हणजे फूल किंवा ठिपका, आणि दार म्हणजे असलेला. अंगावर ठिपके असलेला तो गुलदार, म्हणजे बिबट्या. याच्याबरोबरच्या दोन जहाजांची नावं ‘चीता’ आणि ‘कुंभीर’. कुंभीर म्हणजे मगर.

‘गुलदार’ पोलंडमधल्या ग्डिनिया इथं बांधलं गेलं आणि ३० डिसेंबर १९८५ रोजी भारतीय नौदलात दाखल झालं. लांबी जवळपास ८४ मीटर. सात-आठ एसटी गाड्या एकामागं एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल तेवढी. रुंदी ९.७ मीटर आणि वजन सुमारे ११२० टन. हे तोफा डागत फिरणारं युद्धजहाज नव्हतं. रणगाडे, गाड्या आणि सैनिक थेट वाळूच्या किनाऱ्यावर उतरवायचे, हे त्याचं काम. त्यासाठी धक्का लागत नाही. जहाज नाक किनाऱ्याला लावतं आणि पुढचा दरवाजा उघडतो.

‘चीता’, ‘गुलदार’ आणि ‘कुंभीर’ ही तिन्ही जहाजं १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर इथं एकाच वेळी निवृत्त झाली. तिघांनी मिळून १२,३०० हून जास्त दिवस समुद्रात काढले, सुमारे १७ लाख सागरी मैल अंतर कापलं आणि १३०० हून जास्त वेळा किनाऱ्याला लागून जवान उतरवले. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या मोहिमेत ती होती. २००४ च्या त्सुनामीनंतर मदत पोचवण्याच्या कामातही होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारच्या नौदल तळावर ‘गुलदार’ महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आलं, ‘आहे त्या स्थितीत’. तिथून ते ओढून विजयदुर्गला आणलं गेलं. निवती रॉक्स या समुद्रातल्या खडकांजवळ ते तळाशी बसवायचं, त्याचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं, पाणबुडीतून पर्यटकांना ते दाखवायचं आणि पाणबुड्यांना, म्हणजे स्कूबा करणाऱ्यांना, ते बघायला खुलं करायचं, अशी योजना आहे. केंद्र सरकारनं त्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले आहेत.

हा पैसा कुठून आला, हेही बघण्यासारखं आहे. राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांच्या मुदतीनं बिनव्याजी कर्ज देणारी केंद्राची एक योजना आहे, त्यातून तो आला. व्याज नाही हे ऐकून आपल्याला बरं वाटतं. पण कर्ज आहे, मुद्दल फेडायचंच आहे. म्हणजे हा पैसा जनतेची अमानत आहे, आणि अमानतीचा हिशोब विचारायचा हक्क निवतीच्या मच्छीमाराला जेवढा आहे तेवढाच सांगोल्याच्या शेतकऱ्यालाही आहे.

माळावरची एकटी बाभळ

‘कृत्रिम प्रवाळ’ हा शब्द ऐकला की वाटतं, माणसं प्रवाळ तयार करून समुद्रात लावतात. तसं नाही. प्रवाळ हे जिवंत प्राणी आहेत, त्यांना बनवता येत नाही. आपण फक्त त्यांना आणि इतर जिवांना बसायला जागा देतो.

आपल्या माळरानाचं उदाहरण घ्या. मैलभर उघडा मुरूम आहे आणि त्यात एकच बाभळ उभी आहे. तिच्या सावलीला शेरडं बसतात, फांदीवर पाखरं घरटी करतात, बुंध्याशी मुंग्या, सरडे, आणि सरड्यांमागं साप. एका झाडाभोवती पूर्ण वस्ती उभी राहते. झाड नसतं तर त्या जागी वारा आणि धूळ एवढंच असतं. झाड लावणाऱ्याला त्यावरचं फळ खाणाऱ्या पाखराचाही सवाब मिळतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामागचं निसर्गाचं गणितही हेच आहे.

समुद्राचा तळ बऱ्याच ठिकाणी असाच उघडा माळ असतो, वाळूचा नाही तर चिखलाचा. शिंपले, कालवं, प्रवाळ, समुद्री शेवाळ यांना चिकटायला कठीण जागा लागते. चिखलात ती मिळत नाही. तिथं पोलादाचं मोठं धूड जाऊन बसलं की काही दिवसांतच त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर येतो. मग शेवाळ, मग कालवं आणि तसेच चिकटून राहणारे कवचधारी जीव. त्यांना खायला बारीक मासे येतात. बारीक माशांमागं गोबरा, तांबोशी यांसारखे मोठे मासे. अंधाऱ्या कपारीत शेवंड घर करते. हे सगळं एका रात्रीत होत नाही. पहिले मासे आठवड्यांत दिसतील, पण भरलेली वस्ती व्हायला वर्षं लागतात.

ही युक्ती जुनीच आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार पिढ्यानपिढ्या झाडांच्या फांद्या आणि दगड बांधून समुद्रात सोडत आले आहेत, म्हणजे आडोशाला मासे जमतात. आता देशाच्या किनाऱ्यांवर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काँक्रीटचे त्रिकोणी आणि गोल साचे तळाशी सोडते. त्याला कृत्रिम भित्तिका म्हणतात. जहाज हा त्यातलाच, पण फार मोठा आणि फार महागडा प्रकार.

भंगारात का नाही?

हा प्रश्न आपल्या समाजात कुणी विचारला तर नवल नाही. भंगाराच्या धंद्यात आपली कितीतरी घरं आहेत. लोखंडाची किंमत आपल्याला कळते. वापरण्यासारखी वस्तू पाण्यात टाकणं म्हणजे इसराफ, उधळपट्टी, असंही मनात येतं.

हिशोब करून बघू. वजन ११२० टन, त्यातलं सगळंच पोलाद नाही. तरी हिशोबापुरतं सगळं पोलाद धरलं आणि टनामागं तीस हजार रुपये धरले, तर तीन-साडेतीन कोटी होतात. दुसऱ्या बाजूला बुडवण्याच्या प्रकल्पाला जवळपास ४७ कोटी. म्हणजे नुसत्या आजच्या पैशांत बघितलं तर भंगार जिंकतं. जहाज बुडवणं परवडतं ते फक्त एका अटीवर : पुढची तीस-चाळीस वर्षं त्यातून मासे, रोजगार आणि पर्यटन मिळत राहिलं पाहिजे.

महाराष्ट्रानं दुसरी वाटही बघितलेली आहे. १९७१ च्या युद्धात लढलेली विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. शेवटी ६० कोटींच्या आसपास विकली गेली आणि २०१४ मध्ये तोडली गेली. मग ‘विराट’. ती मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तिचं संग्रहालय आणि सागरी साहस केंद्र करायच्या ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. जागा कुठली होती? हीच, निवती रॉक्सजवळची. ते झालं नाही. जहाज ३८.५४ कोटींना विकलं गेलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमधल्या अलंगला तोडायला गेलं. निवतीच्या लोकांनी घोषणा ऐकली, जहाज काही बघितलं नाही. त्यामुळं ‘गुलदार’बद्दल तिथली माणसं जरा सावधपणे बोलत असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

खरं काम बुडवण्याआधीचं

जहाज बुडवायला फार वेळ लागत नाही. अमेरिकेतलं ‘वँडेनबर्ग’ हे १५९ मीटर लांबीचं जहाज २००९ मध्ये फ्लोरिडाच्या की वेस्टजवळ दोन मिनिटांच्या आत तळाला गेलं. पण त्याआधीची साफसफाई महिनोन् महिने चालते, आणि सगळा फरक तिथंच पडतो. धुतलेलं जहाज माशांचं घर होतं. न धुतलेलं जहाज म्हणजे समुद्रात टाकलेला विषारी कचरा.

काय काय काढावं लागतं? टाक्यांतलं आणि नळ्यांतलं डिझेल, वंगण, तळाशी साचलेलं तेलकट पाणी. बॅटऱ्या. फ्रीज आणि एसीमधला वायू. जुन्या जहाजांत उष्णता अडवायला वापरलेला अॅस्बेस्टॉस. शिसं असलेला रंग. जहाजाच्या बुडाला शेवाळ, कालवं चिकटू नयेत म्हणून लावलेला विषारी रंग. त्याचं तर कामच सागरी जीव मारणं! त्यांच्याच वस्तीसाठी जहाज बुडवायचं आणि तो रंग तसाच ठेवायचा, हे जमणारं नाही. शिवाय तरंगून वर येईल असं लाकूड, प्लास्टिक, गाद्या, थर्माकोल, सगळं बाहेर.

सगळ्यात चिवट आहे पीसीबी नावाचा रसायनांचा गट. जुन्या विजेच्या तारांच्या आवरणात, रबरी पट्ट्यांत, रंगांत तो मिसळलेला असायचा. तो पाण्यात लवकर विरत नाही, पण माशाच्या चरबीत साठतो. लहान मासा मोठ्यानं खाल्ला की त्याच्यात आणखी साठतो, आणि शेवटी आपल्या ताटात येतो.

अमेरिकेनं हे अनुभवातून शिकलं. १७ मे २००६ रोजी ‘ओरिस्कनी’ ही प्रचंड विमानवाहू नौका फ्लोरिडाच्या पेन्साकोलाजवळ बुडवली. जगभरातले पाणबुडे आजही ती बघायला जातात. तयारीवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाला, तरी काही पीसीबी जहाजातच राहिलं आणि पुढं तिथल्या माशांची तपासणी करत राहावी लागली. त्याच वर्षी तिथल्या पर्यावरण खात्यानं बुडवायची जहाजं कशी साफ करायची याचे सविस्तर नियम छापले. २०१२ मध्ये तिथल्या सागरी प्रशासनानं ठरवलं, की १९८५ पूर्वी बांधलेली जहाजं यापुढं या कामासाठी द्यायचीच नाहीत, कारण त्यांत पीसीबी असण्याचा धोका जास्त.

आपलं ‘गुलदार’ नौदलात आलं तेच १९८५ च्या डिसेंबरात. म्हणजे बांधणी त्याच्या आधीची. अमेरिकेचा नियम आपल्याला लागू नाही, आणि पोलंडमध्ये बांधलेल्या जहाजात तेच साहित्य असेल असंही नाही. पण एवढं नक्की, की ‘जहाज साफ केलंय’ हे वाक्य पुरेसं नाही. कुठला नमुना तपासला, कुणी तपासला, काय सापडलं, हे कागद लोकांना बघायला मिळाले पाहिजेत.

साफसफाईनंतर जहाजाला मोठी भोकं पाडतात आणि दरवाजे काढतात. आत उजेड आणि पाणी खेळतं राहावं आणि आत शिरलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट दिसावी, म्हणून. मग ठरलेल्या जागी नेऊन नांगरतात, आणि झडपा उघडून किंवा मोजकी स्फोटकं लावून पाणी आत घेतात. ते सरळ, बुडावर बसायला हवं. हेही दरवेळी जमत नाही. २००२ मध्ये फ्लोरिडात ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे जहाज वेळेआधीच कलंडलं आणि उलटं होऊन त्याचं नाक पाण्याबाहेर राहिलं. पुढं ते कुशीवर पाडून तळाला नेलं. २००५ च्या एका चक्रीवादळानं मात्र तेच जहाज तळाशीच फिरवून सरळ उभं केलं! १५५ मीटरचं जहाज समुद्र असा हलवतो. २०२१ चं तौक्ते वादळ ज्यांनी सिंधुदुर्गात बघितलंय त्यांना हे सांगायला नको. म्हणून जागा, खोली आणि तळ कसला आहे, हे निवडणं फार जबाबदारीचं काम.

अकाबा आणि बहरीनचा धडा

आखातात आणि अरब देशांत नोकरीला असलेले आपले नातेवाईक यातल्या काही जागा बघून आले असतील. जॉर्डनला समुद्रकिनारा अगदी छोटा, अकाबाचा. तिथं ‘सीडर प्राइड’ नावाचं लेबनॉनचं मालवाहू जहाज १९८२ मध्ये आगीत जळालं आणि बंदरात नुसतं पडून होतं. आजचे राजे अब्दुल्ला तेव्हा राजपुत्र होते आणि त्यांना पाण्याखाली उतरायचा शौक होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये ते जहाज किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे मीटरवर बुडवलं. म्हणजे ज्या महिन्यांत तिकडं पोलंडमध्ये ‘गुलदार’ तयार होत होतं, त्याच सुमारास अकाबात हा प्रयोग झाला. आज त्या जहाजावर प्रवाळ वाढलेत आणि तिथल्या पर्यटनाची ती ओळख झाली आहे.

जुलै २०१९ मध्ये जॉर्डननं त्याच समुद्रात लष्करी संग्रहालय केलं. रणगाडे, हेलिकॉप्टर अशी १९ लष्करी वाहनं, लढाईच्या रचनेत मांडावीत तशी तळाशी मांडली आहेत. त्याच वर्षी बहरीननं तर आख्खं बोइंग ७४७ विमान समुद्रात बुडवलं.

ही उदाहरणं बघून उत्साह वाटतो, पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. अकाबाचं पाणी काचेसारखं स्वच्छ. कोकणात नद्या गाळ आणतात, पावसाळ्यात समुद्र ढवळून निघतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळतं, तरी अकाबाइतकं नाही. अकाबाचे फोटो बघून निवतीला गेलात तर हिरमोड होईल.

आणि एक उलटं उदाहरण. १९७० च्या दशकात फ्लोरिडात माशांसाठी म्हणून सुमारे वीस लाख जुनी टायरं समुद्रात टाकली. हेतू चांगलाच होता. पण बांधलेले पट्टे तुटले, टायरं लाटांबरोबर घरंगळत जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आदळली आणि तेच मोडलं. पुढं ती टायरं काढायला लष्कराचे पाणबुडे उतरवावे लागले. नुसती नियत साफ असून भागत नाही.

मासे वाढतात, की नुसते जमतात?

शास्त्रज्ञांमध्ये यावर जुना वाद आहे. जहाजाभोवती मासे दिसतात हे खरं. पण ते नवे जन्मलेले आहेत, की इकडंतिकडं विखुरलेले तिथं गोळा झालेत? दुसरं असेल तर धोका आहे. विखुरलेला मासा पकडायला कष्ट पडतात. एका जागी जमलेला मासा मोठी बोट एका रात्रीत उचलून नेते. म्हणजे माशांचं घर बांधता बांधता आपण सापळा बांधून बसतो.

उत्तर बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. बुडालेल्या जहाजाभोवती मासेमारी थांबवली, तर मासे तिथं वाढतात आणि आजूबाजूला पसरतात. तळ खरवडत नेणारी ट्रॉलरची जाळी जहाजात अडकून फाटतात, त्यामुळं तेवढा पट्टा आपोआप वाचतो. पण नियम कागदावरच राहिला तर फायदा कुणाचा होतो, हे कोकणातला लहान मच्छीमार चांगलं जाणतो. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध तो कित्येक वर्षं भांडतोय.

हा आपल्याही घरचा प्रश्न आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत दालदी आणि इतर कोकणी मुस्लिम कुटुंबांची रोजी समुद्रावरच आहे. हिंदू गाबीत, भंडारी, कोळी आणि हे आपले भाऊ एकाच पाण्यात जाळी टाकतात. त्यांचं दुःखही एकच. जहाजाभोवती किती अंतर मासेमारी बंद, ज्यांची नेहमीची जागा जाईल त्यांना काय मिळणार, जाळं अडकलं तर भरपाई कोण देणार, पर्यटकांना नेणाऱ्या बोटी स्थानिकांच्या असणार की बाहेरच्या कंपनीच्या? हे प्रश्न जहाज तळाला जायच्या आधी सुटले पाहिजेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, आणि लोकांना विश्वासात न घेता झालं ही मच्छीमारांची तक्रार पुढं कित्येक वर्षं संपली नाही. तेच परत नको.

कुटुंबासह जाणार असाल तर

मालवण, तारकर्ली, देवबाग भागात पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्यांसाठी प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात फेरी मारून आणतात. त्याला सहसा पोहता यावं लागत नाही. पण बुडालेलं मोठं जहाज बघायचं तर ते पुरेसं नाही. त्यासाठी रीतसर कोर्स करावा लागतो. जगभर चालणाऱ्या पहिल्या पातळीच्या कोर्सला वयाची अट किमान १० वर्षं, २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यावं लागतं. तो झाल्यावर १८ मीटरपर्यंत उतरता येतं, पुढच्या पातळीनंतर ३० मीटरपर्यंत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. समुद्री जीवशास्त्र, पाण्याखालची दुरुस्ती, प्रशिक्षक अशा वाटांचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी तिची चौकशी जरूर करावी.

आपल्या बायका-मुलींसाठी एक गोष्ट : पाण्याखालचा रबरी पोशाख मानेपासून घोट्यापर्यंत असतो, डोकं झाकणारी टोपीही मिळते. वरून सैल कपडे घालून उतरण्याऐवजी तो पोशाख मागून घ्या. सैल कपडा पाण्यात अडकतो, ते धोक्याचं आहे. महिला प्रशिक्षक आहे का, हे आधी फोन करून विचारा.

दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा पहिला नियम. दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाएवढा वाढतो. वीस मीटरवर तो वरच्यापेक्षा तिप्पट असतो. श्वास रोखून वर आलात तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते.

आणि हे खास घाटावरच्या आपल्या माणसांसाठी, कारण किनाऱ्यावर ते सहसा कुणी सांगत नाही. पाण्याखाली दाबामुळं नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. सोड्याची बाटली झटकन उघडली की जसे बुडबुडे येतात, तसं शरीरात होऊ नये म्हणून वेळ द्यावा लागतो. विमानात बसण्याआधी, एकदाच उतरला असाल तर किमान १२ तास आणि अनेकदा उतरला असाल तर १८ तास थांबावं, असा नियम आहे. आपण विमानानं जात नाही, पण घाट चढतो! आंबोली सव्वादोन हजार फूट उंच आहे, आणि हा सल्ला दोन हजार फुटांपासूनच लागू धरतात. त्यामुळं खोल उतरला असाल तर त्याच संध्याकाळी गाडी काढून घाट चढू नका. पाण्यातला कार्यक्रम आदल्या दिवशी ठेवा, रात्र किनाऱ्यावर काढा, दुसऱ्या दिवशी निघा. सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, धाप असं काही झालं तर थकवा समजून झोपू नका, लगेच डॉक्टरांकडं जा आणि पाण्याखाली उतरलो होतो हे सांगा.

बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायचा मोह तर पूर्ण टाळा. ‘स्पीगल ग्रोव्ह’च्या आत २००७ मध्ये तीन अनुभवी पाणबुडे वाट हरवून मरण पावले. आत गाळ उडाला की हात दिसत नाही. जहाज बाहेरूनही भरपूर बघता येतं.

विचारायला हवं ते

सूरह नहलमध्ये समुद्राचा, त्यातल्या ताज्या अन्नाचा आणि पाणी कापत जाणाऱ्या जहाजांचा उल्लेख अल्लाहच्या नेमती म्हणून येतो. नेमत वापरायला दिली आहे, नासायला नाही. ‘गुलदार’च्या योजनेला विरोध करायचं कारण नाही. नीट झालं तर निवतीच्या मुलांना गावातच काम मिळेल, उघड्या तळावर जीव वाढतील, आणि रणगाडे वाहिलेल्या जहाजाचं म्हातारपण भंगाराच्या ढिगाऐवजी माशांच्या सोबतीत जाईल. पण नीट झालं, हे ठरवायचं कशावरून?

पाच गोष्टी विचारा. सफाईचा आणि पीसीबी, अॅस्बेस्टॉसच्या तपासणीचा अहवाल लोकांसमोर ठेवला का? बुडवण्याआधी त्या जागेच्या तळाची आणि माशांची नोंद केली का, म्हणजे नंतर तुलना करता येईल? त्यानंतर दरवर्षी तपासणी कोण करणार आणि पैसे कुठून? आसपासच्या मच्छीमारांशी बोलून मासेमारीबंदीची हद्द ठरली का? आणि बोटी, तिकिटं, प्रशिक्षण यांतली कामं स्थानिकांना लेखी दिली का?

मालवणला सुट्टीला गेलात तर बोटवाल्याला, खानावळवाल्या काकूंना, प्रशिक्षकाला हे सहज विचारून बघा. आमदार, खासदार भेटले तर त्यांनाही विचारा. रस्ता खराब झाला तर परत करता येतो, इमारत चुकली तर पाडता येते. पण तेल आणि विष अंगावर घेऊन तळाशी गेलेलं ११२० टनांचं जहाज वर काढून पुन्हा धुता येत नाही. जे विचारायचं ते त्याआधीच विचारलेलं बरं.